गोल चेहऱ्याच्या बाई

ल्युपस या आजाराने कस्तुरीच्या मूत्रपिंडांना गाठलं तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत तिचा लांबट चेहरा फुगून गोल झाला. महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात कुणी काही बोललं नाही. वडिलांना मात्र ती ओळखूच येईना.

मधुकरराव सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर. विस्मरण आधीच सुरू झालं होतं, पण लेकीला ते कधी विसरले नव्हते. आता ती दर शनिवारी मल्लेश्वरमच्या घरी आली की ते अदबीने म्हणत, "बसा बाई. आमची कस्तुरी येईलच एवढ्यात."

"बाबा, मीच कस्तुरी."

ते संकोचून हसत. विश्वास बसलेला नसे. शेवटी तिने सांगणंच सोडलं. बाई होऊन ती त्यांना उपमा भरवू लागली, पेपर वाचून दाखवू लागली.

एकदा न राहवून तिने स्वतःच गोळ्या निम्म्या केल्या. महिन्याभरात पाय सुजले, लघवीतून जाणारी प्रथिनं पुन्हा वाढली. डॉ. गुरुराज रागावले नाहीत. "एवढी घाई कसली?" त्यांनी विचारलं.

"बाबा मला पूर्ण विसरायच्या आत मला माझा चेहरा परत हवाय."

डॉक्टरांनी औषधांचा कागद पुढे ओढला. "जोडीला दुसरं औषध देऊ. त्याने आजार आवरला, तर स्टिरॉइड लवकर उतरवता येईल. पण पायरीपायरीने, आणि मी सांगेन तेव्हाच."

दर पंधरवड्याला तपासणी आणि रिपोर्ट चांगला आला की एक पायरी खाली. सातव्या महिन्यात ती पाच मिलिग्रॅमवर आली. गाल हळूहळू उतरले.

त्या शनिवारी बाबांनी दार उघडलं आणि बघतच राहिले. "कस्तुरी? किती दिवसांनी आलीस गं."

ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बराच वेळ रडली. चहा झाला, गप्पा झाल्या. मग बाबा चुळबुळ करू लागले.

"इथे एक बाई यायच्या. फार मायेने करायच्या माझं. आज कशा आल्या नाहीत?"

"त्या गावाला गेल्या, बाबा."

"मला न सांगता?" त्यांचा चेहरा उतरला. "तू नव्हतीस, तेव्हा त्याच होत्या."

कस्तुरीने त्यांचा हात हातात घेतला.