माझं पोट भरलं त्या दिवशी

मी बोलतोय, चाचणीच्या खोलीतला जुना संगणक. पिवळा पडलोय, पंखा कुरकुरतो, पण आज माझं ऐकाच.

मला या कंपनीत ठेवलं तेच मुळी मेमरी कमी म्हणून. इथे इस्पितळांसाठी प्रोग्राम बनतात आणि वॉर्डांमध्ये माझ्यासारखीच जुनी मशिनं असतात. नव्या मशिनवर काय, सगळंच गोड चालतं. प्रोग्रामची खरी जात कळते ती मेमरी संपल्यावर.

ते तपासायचं काम एका बाईंचं होतं. सगळे त्यांना पाठीमागे खुसपटताई म्हणत. त्या माझ्यावर ढीगभर चित्रं उघडायच्या, वर दोन-चार जड प्रोग्राम लावायच्या आणि मी धापा टाकायला लागलो की इस्पितळाचा प्रोग्राम सुरू करायच्या. छळच तो! पण त्या छळात मला मान होता.

एकदा त्यांनी एका काल्पनिक पेशंटच्या नावापुढे लिहिलं, 'हे औषध चालत नाही.' तेवढ्यात मेमरी संपली. पडद्यावर आलं, 'नोंद झाली.' कसली नोंद न् काय, डोंबल! ताईंनी पुन्हा उघडून पाहिलं तर जागा रिकामी.

त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेब उभ्या उभ्या मोबाइल बघत होते.

"मेमरी संपल्यावर प्रोग्राम बंद पडला तरी चालेल, सर," ताई म्हणाल्या, "पण जे झालं नाही ते झालं म्हणून सांगायला नको. नर्स त्यावर विश्वास ठेवेल."

दुरुस्तीला वेळ लागणार होता आणि इस्पितळाची माणसं दुसऱ्याच दिवशी प्रोग्राम बघायला येणार होती. मग साहेबांनी डोकं चालवलं. प्रोग्राम राहिला बाजूला, दुरुस्ती माझीच केली! झाकण उघडून मेमरीची एक जादा पट्टी आत बसवली. भरल्या पोटी मी कशाला अडखळतोय? सगळं पास झालं, पेढे वाटावेत इतके साहेब खूश. ताई भांडल्या आणि नोकरी सोडून गेल्या. प्रोग्राम तसाच वॉर्डात गेला. पट्टी माझ्यातच राहिली.

आज इथे चौकशीची माणसं आली होती. त्यांच्या बोलण्यातून कळलं, एका सुताराला न चालणारं औषध दिलं गेलं आणि तो गेला. सोबत वॉर्डातली नर्स होती. ती एकच सांगत होती, की मी नोंद केली होती, मशीन 'झाली' म्हणालं होतं. पण नोंद सापडत नव्हती, त्यामुळे सगळं तिच्यावर आलं होतं.

साहेबांनी तिला माझ्यासमोर बसवलं. म्हणाले, तुम्हीच करून बघा. तिने तेच शब्द लिहिले. मी ओरडलो असतो हो, पण मला तोंड कुठाय? नोंद झाली. उघडून पाहिली तर जागच्या जागी.

"बघा, होतंय की," साहेब म्हणाले.

तिने नोंद बंद करून पुन्हा एकदा उघडली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मीच विसरले असेन."

नाही गं बाई, तू विसरली नाहीस! अरे, कुणीतरी माझं झाकण उघडा. ती पट्टी उपटून काढा, मला पुन्हा उपाशी ठेवा आणि तिला परत बोलवा. अजून जिन्यातच असेल ती.