अ‍ॅम्पची कानटोपी

चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा पुसणाऱ्या माणसाने गिरणीवालीशी लग्न करू नये, असा काही कायदा नाही. त्यामुळे व्हायचं ते झालं. नवरा दिवसभर मऊ फडक्याने काचेवरचा कण न् कण टिपणार आणि संध्याकाळी परतणार ते अशा घरी, जिथे खाली पिठाची गिरणी धडधडतेय आणि भुवया पांढऱ्या झालेली बायको दारात उभी आहे. तो आधी चष्मा पुसायचा आणि मग तिच्याकडे बघायचा.

याबद्दल तिची तक्रार नव्हती. गिरणी तिच्या वडिलांची. ती पिठातच लहानाची मोठी झाली होती आणि नाकाला पिठाचा वास आला नाही तर तिलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. घोडं अडलं होतं ते वरच्या खोलीतल्या अ‍ॅम्पपाशी.

अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. ही जुन्या धाटणीची होती, आत काचेच्या नळ्या असलेली. चालू केली की नळ्या हळूहळू लालसर उजळायच्या आणि त्या फार तापू नयेत म्हणून मागचा छोटा पंखा बाहेरची हवा आत ओढत राहायचा. वजन इतकं, की हलवायला दोन माणसं लागत. नवरा वाजवून झालं की तिच्यावर तळहात ठेवून ती किती तापलीय ते बघायचा. गिरणीवाली मागे तापाने फणफणली होती तेव्हा त्याने थर्मामीटर दिला होता आणि स्वतः वाचून बघ म्हणाला होता. ही गोष्ट ती अधूनमधून त्याला ऐकवायची.

पिठापासून त्या पेटीला वाचवण्यासाठी त्या घरात काय काय केलं गेलं, ते विचारू नये. जिन्याच्या दाराखाली ओलं गोणपाट. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी. वरच्या खोलीत पाय ठेवायचा तर कपडे बदलून, हातपाय धुऊन, केस झटकून. गिरणीवालीने सगळं बिनबोभाट केलं. पीठ पडायच्या तोंडाला तिने लांब कापडी बाही शिवून लावली, म्हणजे पीठ उडायच्या आत डब्यात जाईल. पेटीवर आधी प्लास्टिकचं आवरण होतं. त्याला आतून घाम धरायचा, एकदोन स्क्रू गंजले, तेव्हा तेही गेलं. मग मागच्या थंडीत तिने आपलं निळं ब्लँकेट कापलं. चांगलं मऊ, लवदार ब्लँकेट होतं, तिचं आवडतं. पेटीचं माप घेऊन तिने त्याची टोपी शिवली. वर मुठीसाठी भोक, पुढे गुंडाळून वर घेता येईल असा पडदा.

नवरा त्या टोपीवर बेहद्द खूश झाला. इतका, की वाजवतानाही ती काढेना. पुढचा पडदा तेवढा वर करायचा आणि बाकी पेटी तशीच गुरफटलेली. न जाणो, वाजवता वाजवता कुठून पीठ आलं तर! पेटी बिचारी कानटोपी घातलेल्या आजोबांसारखी कोपऱ्यात बसून गायची.

आणि ती गायला लागली की खाली गिरणी बंद व्हायची.

हे मात्र गिरणीवालीचं गुपित होतं. वरून पहिली तार छेडल्याचा आवाज आला की ती बटण दाबायची. "पट्टा तापलाय," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "जरा थंड होऊ दे." पट्टा रोज त्याच वेळी कसा तापतो, हे कोणी विचारलं नाही. ती धान्याच्या पोत्यावर बसायची आणि वर छताकडे बघत ऐकायची. नवरा काही फार मोठा वाजवणारा नव्हता. एका संथ चालीत एका ठरावीक जागी तो हटकून अडखळायचा, थांबायचा, मागे जाऊन पुन्हा यायचा. ती त्या जागेची वाट बघायची. तिथे तो अडखळला की तिला त्याची इतकी माया यायची की सांगता सोय नाही. सांगितलं तर तिने कधीच नव्हतं. सुरुवातीला वाटलं, यात सांगायचं काय. नंतर इतकी वर्षं उलटली, की आता सांगायचं कसं.

मग पेटी कुरकुरायला लागली. आधी मूठभर शेंगा फोडल्यासारखा आवाज, मग चालीच्या मध्येच गप्प. नवऱ्याने कोणालाही न विचारता निदान केलं: पीठ. तो ओरडला नाही, तो स्वभावच नव्हता. तो नुसता चष्मा पुसत उसासे टाकायला लागला. त्यापेक्षा शिव्या परवडल्या, असं तिला झालं.

त्यात नणंदेला बातमी लागली. नणंद गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि भावाच्या भल्याचं काही दिसलं की तिला राहवायचं नाही. "माझी मागची खोली रिकामी आहे," ती फोनवर म्हणाली, "फरशी अशी स्वच्छ की तोंड बघावं. दुकानातून परस्पर इकडे यायचं, वाजवायचं, जेवायचं आणि मग घरी जायचं. रविवारी मी टेम्पो घेऊन येते."

"बरं होईल," गिरणीवाली म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पण फोन ठेवल्यावर ती खाली जाऊन पोत्यावर बसली. पेटी गेली की संध्याकाळ जाणार होती. नवरा येणार जेवून, झोपायला. आणि हे सगळं तिच्या पिठामुळे.

टेम्पो यायच्या आधी पेटी एकदा दाखवून घ्यावी म्हणून नवऱ्याने रविवारी सकाळी रेडिओवाल्याला घरी बोलावलं. रेडिओवाला नावापुरताच रेडिओवाला. रेडिओ आता कोण दुरुस्त करतं? तो हाताला लागेल ते उघडायचा. खोलीत शिरताना त्याला पाय धुवायला लावले, तेव्हा तो म्हणाला, "ऑपरेशन आहे का काय?"

गिरणीवाली कपडे बदलून, भुवयासुद्धा ओल्या हाताने पुसून वर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. निकाल ऐकायला आल्यासारखी.

"कालपासून प्लग काढून ठेवलाय ना?" रेडिओवाल्याने विचारलं.

"परवापासून," नवरा म्हणाला. "तुम्हाला सांगतो, आत पिठाचा नुसता थर असेल. मी किती जपलं, पण खाली गिरणी म्हटल्यावर..." वाक्य त्याने सोडून दिलं. गिरणीवालीने खाली बघितलं.

रेडिओवाल्याने टोपी काढली, मागचे स्क्रू सोडवले, फळी बाजूला ठेवली आणि बॅटरी आत मारली.

"आहे ना?" नवरा म्हणाला.

"आहे," रेडिओवाला म्हणाला. "पण एक सांगा वहिनी, तुमच्या गिरणीत निळं पीठ कधीपासून पडायला लागलं?"

दोघंही वाकली. पंख्याच्या जाळीला निळ्या लवेची जाड गादी धरली होती. नळ्यांच्या बुडाशी निळं, तारांना निळं, कोपऱ्यात तर चिमणीने घरटं करायला घेतलं असावं एवढा निळा पुंजका. रेडिओवाल्याने तो चिमट्याने उचलून टोपीवर ठेवला. पुंजका टोपीत असा मिसळला की दिसेनासा झाला.

"पंखा हवा ओढतो," तो म्हणाला, "आणि तुम्ही त्याच्या तोंडावर ब्लँकेट घातलंत. ते पण चालू असताना! त्याने हवेऐवजी ब्लँकेट खाल्लं. अ‍ॅम्प आतून भाजून निघालाय बिचारा." त्याने कोपऱ्यातून बोट फिरवून बघितलं. "पीठ म्हणाल तर चिमूटभर. तेवढं तुमच्या चष्म्याच्या दुकानातही सापडेल."

गिरणीवालीला आधी हायसं वाटलं. पीठ नव्हतं! आणि पाठोपाठ कळलं, की पीठ नव्हतं पण टोपी तिचीच होती. आवडीचं ब्लँकेट कापून, माप घेऊन, तिने आपल्या हातानेच ही पेटी गुदमरवली होती. तिचा चेहरा पडला.

"टोपी मी शिवली," ती म्हणाली.

"घालून मी वाजवत होतो," नवरा म्हणाला. त्याने चष्मा काढला, पण पुसला नाही. "वर्षभर तुझ्या पिठाला नावं ठेवत होतो मी."

"मोठ्याने नाही ठेवलीत."

"म्हणून तर."

रेडिओवाल्याला नवरा-बायकोच्या मध्ये उभं राहायची सवय असावी. त्याने मान वर न करता ब्रश काढला. लव झाडली, पंखा मोकळा केला, एक काळवंडलेली नळी बदलली. बटणांत थोडं औषध फवारून प्रत्येक बटण टोकापासून टोकापर्यंत फिरवत बसला. मग पेटी चालू केली. कुरकुर नाही, काही नाही. "साधं सुती आवरण घाला," तो म्हणाला, "घट्ट विणीचं. तेही पेटी निवल्यावर. आणि वाजवताना उघडं राहू द्या हो त्याला. चहा मिळेल का?"

शेजारच्या स्वयंपाकघरात चहा उकळतोय तोच खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. नणंद जिना चढून आली, ती गोणपाट ओलांडून, पाय न धुताच. सगळी हकीकत ऐकून तिने क्षणात झटकून टाकली.

"आज लव निघाली, उद्या पीठ निघेल. टेम्पो आलाच आहे. उचला."

नवरा पेटीकडे बघत राहिला. मग बायकोकडे वळला. "ताई म्हणते त्यात चूक नाही. आणि खरं सांगू? तुलाही सुटल्यासारखं होईल. मी वाजवायला लागलो की तुला गिरणी बंद करावी लागते. मला वर कळतं ते. खाली गिऱ्हाईक ताटकळतं, तू चिडत असशील. बोलत नाहीस, एवढंच."

गिरणीवाली बघतच राहिली. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस वर बसून, गिरणी थांबली की खजील होत होता! तिला हसू आलं आणि रडूही. आता गप्प राहिले तर पेटी जाते, हे तिला कळत होतं. पण तिथे नणंद होती, चहाची वाट बघणारा रेडिओवाला होता.

"चिडते कशाला?" ती कशीबशी म्हणाली. "ऐकते मी."

"काय?"

"तुम्हाला. गिरणी चालू असली तर ऐकू येत नाही, म्हणून बंद करते." आणि एकदा तोंड उघडलं म्हणून पुढचंही म्हणून टाकलं, "ती खोली कितीही स्वच्छ असली वन्सं, तरी इथून मला तिथलं ऐकू येणार नाही."

तिकडे चहा उतू गेला. नणंद सगळ्यात आधी भानावर आली. ती बोलायला फटकळ होती, पण आंधळी नव्हती. तिने जाऊन गॅस बंद केला आणि भावाला म्हणाली, "टेम्पोवाल्याला चहा नेऊन दे. आणि म्हणावं, रिकामाच जा."

दुपारी गिरणीवालीने कोरं मांजरपाट काढलं. पिठाच्या बाहीसाठी आणलेल्या ताग्यातलं उरलं होतं. जे पिठाला बाहेर पडू देत नाही, ते आतही शिरू देणार नाही, एवढा तिचा सरळ हिशोब. निळी टोपी नवऱ्याने स्वतः झटकून, घडी घालून तिच्या उशाशी ठेवली. वर मुठीचं भोक असलेलं ते ब्लँकेट आता कोणाच्या कामाचं, हे विचारायच्या फंदात ती पडली नाही. थंडी वाजली की पायांवर घ्यायचं तिने ठरवून टाकलं.

संध्याकाळी खाली गर्दी होती. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंचे गहू अर्धे दळून झाले होते, तेवढ्यात वर पहिली तार वाजली. गिरणीवालीने बटण दाबलं. धडधड विरत गेली.

"तापला वाटतं पट्टा?" शिंपीणबाई म्हणाल्या.

गिरणीवाली सवयीने हो म्हणणार होती. वर तार क्षणभर थांबली होती. तोही ऐकत होता.

"नाही हो," ती मोठ्याने म्हणाली, जिन्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने. "पट्ट्याला काही झालेलं नाही. नवरा वाजवतोय, आणि मला ऐकायचंय. बसा तुम्ही पण."

ती पोत्यावर सरकली आणि शिंपीणबाईंना जागा केली. वर ती संथ चाल सुरू झाली. पुढे सरकत सरकत त्या ठरावीक जागेपाशी आली, अडखळली, थांबली, आणि मागे जाऊन पुन्हा आली.