पलीकडचं धाकटीचं

मित्रांनो, सरळ चालणं ज्याला कधी जमलं नाही, असा मी एक जुना ओढा आहे. लहानपणी वाटेत एक दगड आला, मी त्याला वळसा घातला, तेव्हापासून वळतोच आहे. वळणावर बाहेरच्या काठाला माझं पाणी जोरात घासतं आणि माती खरवडून नेतं. आतल्या काठाशी मी हळू होतो आणि हातातला गाळ तिथंच ठेवून देतो. लोक याला अन्याय म्हणतात. मी याला चालणं म्हणतो.

माझ्या एका मोठ्या वळणावर दोन जावा राहायच्या. सासऱ्यांनी वाटणी करताना सांगितलं होतं, "ओढ्याच्या अलीकडचं थोरलीचं, पलीकडचं धाकटीचं." चालत्या माणसाला कुंपण नेमावं, तसं हे झालं.

थोरली बाहेरच्या काठावर शिवणकाम करायची. दर पुरात तिचं अंगण घटायचं आणि समोर धाकटीचं वाढायचं. होता होता शिवणाची खोली अगदी कडेवर आली.

"काय गं, आज किती वाढलीस?" थोरली खिडकीतून विचारायची.

"तुम्हीच पाठवता, जाऊबाई. मी कधी मागितलं?"

धाकटी असं म्हणायची, पण रोज पुलावरून घमेलंभर वाळू आणून थोरलीच्या काठाशी ओतायची. मी ती प्रामाणिकपणे उचलून पुढच्या वळणावर नेऊन ठेवायचो.

मग मोठा पूर आला. खोलीचा एक कोपरा अधांतरी झाला. धाकटी पुलावरून धावत आली, दोघी शिलाई मशीन बाहेर ओढू लागल्या. तोवर माझं वळण इतकं वाकलं होतं, की त्याची दोन्ही टोकं जवळजवळ भिडली होती. धाकटीच्या घरामागची ती मधली चिंचोळी माती मी फोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ गेलो. जुन्या वळणातलं पाणी थांबलं. खोली वाचली.

पूर ओसरल्यावर पाहतात तर धाकटीचं घरही अलीकडेच.

"वाटणीप्रमाणे आता सगळं माझं," थोरली म्हणाली. "पलीकडचं तुझं."

"पलीकडे नुसती दुसऱ्याची बदकं आहेत."

"मग ती सांभाळ. जेवायला मात्र अलीकडे येत जा."

मित्रांनो, हल्ली मला भिंती घालून कायमचा सरळ करायची बोलणी चालली आहेत. तसं करू नका. काठावरची झाडं राहू द्या, त्यांची मुळं माती धरून ठेवतात. घरं जरा लांब बांधा आणि मला वळायला जागा ठेवा. नव्या वाटेवर मी पलीकडची माती थोडी चाखून पाहिली आहे. बदकांना कल्पना देऊन ठेवा.