घरची दोन

माझ्या दारात करंटची काठी चालत नाही, हे ट्रकवाल्याला मी पहिल्याच खेपेला बजावलं होतं. तेव्हा तो हसला. "मग काय, हाताला धरून नेणार का ताई?" म्हणाला. मी पत्र्याचा डबा उचलला, त्यात मूठभर मका टाकून खुळखुळवला आणि "या गं बायांनो" म्हणत त्याच्या ट्रकच्या फळीवर चढले. कप्प्यातली सगळी डुकरं माझ्या मागून वर. नर असो की मादी, माझ्या हाकेत सगळ्या बायाच. तेव्हापासून तो काठी केबिनमध्येच ठेवून उतरतो आणि मला निवडणुकीला उभं राहायचा सल्ला देतो.

ट्रक कुठे जातो ते मला ठाऊक आहे. मी भाबडी नाही. डुकरं पाळायची आणि वर डोळ्यांतून टिपं गाळायची, हा नखरा मला जमत नाही. पण माझ्या दारातून जाताना जनावर घाबरलेलं नको, दुखणाईत नको. एवढंच माझं काम, आणि ते मी चोख करते.

शेड आम्हा बहीणभावाची. डुकरं माझ्याकडे, खाद्य आणि व्यवहार धाकट्याकडे. त्याचे केस पिकले तरी सगळे त्याला बाळच म्हणतात, कारण मी म्हणते. आई लवकर गेली, तेव्हापासून त्याला भरवलं मी, रागावले मी, त्याच्या लग्नात मिरवले मी. त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा हे माझ्या अंगवळणी पडलं होतं.

या खेपेला ट्रक यायच्या आधीच्या महिन्यात आमची डुकरं अशी काही फुगली की बघत राहावं. मांड्या पैलवानासारख्या, चरबीचं नाव नाही. बाळ येणाऱ्या-जाणाऱ्याला कप्प्यापाशी उभं करून दाखवायचा. मला मात्र काहीतरी खटकत होतं. बादली वाजली तरी ती दचकायची. शेजारणीच्या शेपटीचा चावा घ्यायची, उगाच भांडायची. दुपारभर धापा टाकत पडून राहायची, आणि उठायची वेळ आली की कुत्र्यासारखी ढुंगणावर बसायची. खुरांना भेगा पडल्या होत्या. थोडं चालली की पाय लटपटायचे.

"ऊन केवढं आहे," बाळ म्हणाला. मी पाणी मारलं. "फरशी खडबडीत झाली असेल," म्हणाला. मी भुसा अंथरला. मग खुरांना मलम लावायला बसले, तेव्हा स्वतः येऊन त्याने एकेकीचं डोकं धरून ठेवलं. "तुझ्यासारखं कोणी करत नाही, ताई," म्हणाला. आणि मी बावळट, तेवढ्यानं फुलून गेले!

ट्रक आला त्या सकाळी मी नेहमीसारखा डबा खुळखुळवला. बाया उठल्या. दोन-चार पावलं आल्या आणि थांबल्या. तोंडं उघडी, अंगावर लाल चट्टे, पाय थरथरतायत. मी पुन्हा हाक मारली, लाडीगोडी लावली, मागे फिरून पाठीवर थोपटलं. सगळ्यात थोरली तेवढी फळीवर चढली आणि मध्येच बसली. तिच्या मागच्या तिच्यावर आदळल्या, एकमेकींना चावत सुटल्या. मी थोरलीच्या बरगडीवर हात ठेवला. आत काळीज असं धडधडत होतं, जणू ती कोसभर धावून आली होती. मी तिच्या कानाशी बोलत राहिले. बोलता बोलताच तिने मान टाकली.

ट्रकवाला खाली मान घालून उभा राहिला. जेमतेम निम्मी भरली आणि बाकीच्यांसाठी दुपारी येतो म्हणाला. तो गाडीत चढत असताना, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात बाळ मला म्हणाला, "ताई, आता वय झालं तुझं. हाकेत पहिल्यासारखा दम राहिला नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच माझंच काही चुकलं का, असा विचार करत शेडच्या टोकाला जाऊन उभी राहिले. तिथल्या कोपऱ्यात आमची घरची दोन असतात. दरवेळी दोन जनावरं आम्ही घरात खायला ठेवतो. डबा अजून माझ्या हातातच होता. तो जरासा वाजला असेल नसेल, त्या दोघी टुणकन उठल्या आणि कठड्यावर अंग घासत नाकं पुढे करू लागल्या. मी दार उघडलं. दोघी माझ्या मागे अंगणभर दुडदुडल्या. अंगानं बारक्या, पण पाय खणखणीत.

माझ्या हाकेला काही झालेलं नव्हतं. शेड तीच, फरशी तीच, ऊन तेच, पाणी तेच. वेगळं होतं ते फक्त खाणं. महिन्यापूर्वी बाळच म्हणाला होता, "घरच्या दोघींना पोत्यातलं नको, स्वयंपाकघरामागच्या पिंपातलं उष्टं-खरकटं घालत जा. त्यांना कुठे घाई आहे?" मी त्याला हसले होते. बघा, बाळच्या पोटात केवढी माया, असं भावजयीलाही म्हणाले होते. ती हसली नव्हती, हे मला आता आठवलं.

दोघं स्वयंपाकघरात होती. भावजय भाजी चिरत होती.

"पोत्यातल्या खाद्यात काय घालतोस?" मी विचारलं.

"काय घालणार? खाद्यच ते."

"बाळ, मी तुला भरवलंय. माझ्यासमोर थापा मारू नकोस."

तो खिडकीबाहेर बघू लागला. "वाढीची पावडर असते. चरबी कमी, मांस जास्त. सगळेच घालतात ताई. चोरीचं नाही काही."

"पाय जातात त्याने?"

"एखादीला त्रास होतो. जास्त पडली की."

"आणि घरच्यांना का नाही घातली?"

भावजयीने विळी बाजूला सारली. "घरात लहान पोर आहे, ताई," ती हळूच म्हणाली. "मी म्हटलं होतं, तुम्हाला सांगू या. हे म्हणाले, ताईला कळलं तर ती डबा उचलणार नाही. आणि तिच्याशिवाय डुकरं ट्रकमध्ये चढायची नाहीत."

भाऊच माझा, आणि त्याने केसाने गळा कापला. पावडर घातली याचा राग होताच. पण मी भेगांना मलम लावत होते तेव्हा तो समोर बसला होता. डोकं धरून बसला होता. सगळं माहीत असून मूग गिळून माझं कौतुक करत होता. आणि ज्या हाकेत दम नाही म्हणाला, त्याच हाकेवर त्याचा सगळा धंदा चालला होता.

दुपारी ट्रक आला. मी डबा बाळच्या हातात दिला. "घे. तूच चढव."

त्याने डबा वाजवला, हाक मारली. कोणी हललं नाही. सगळ्या त्याच्या पलीकडे माझ्याकडे बघत होत्या. ट्रकवाल्याने थोडी वाट पाहिली, मग माझी नजर चुकवत केबिनमधून काठी आणली. एकीला लागली. ती जे किंचाळली, ते अजून माझ्या कानात आहे.

मी डबा हिसकावून घेतला. न बोलावलं तर काठी, आणि बोलावलं तर मीही बाळच्या कटात सामील. "या गं बायांनो," मी म्हटलं. आणि त्या आल्या. फुटक्या खुरांवर, थांबत, धापा टाकत, पण आल्या. त्यांचा माझ्यावर अजून विश्वास होता, तेच मला सहन होईना. प्रत्येकीला हवा तेवढा वेळ दिला. ट्रकवाल्याने घाई केली नाही.

शेवटी दोघी उरल्या. त्यांना उठताच येत नव्हतं. मी कोपऱ्यातलं दार उघडलं आणि डबा खुळखुळवला. घरच्या दोघी धावत आल्या आणि माझ्यामागून फळीवर चढल्या. त्यांनी माझं काहीच वाकडं केलं नव्हतं. कधी ना कधी जायचंच होतं, निदान धड पायांनी गेल्या.

"ताई!" बाळ ओरडला. "ती घरची आहेत!"

"घरची आता ही," मी पडलेल्या दोघींकडे बोट दाखवलं. "आजपासून पिंपातलं खातील. पाय बरे होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मग येतील तुझ्या ताटात."

"अगं, पण त्यांच्या पोटात ती पावडर..." तो बोलून गेला आणि थांबला.

"कसली पावडर?" ट्रकवाल्याने विचारलं. ताईची डुकरं म्हणून तोही वर्षानुवर्षं आमच्याकडचंच मांस घरी नेतो. त्याच्या घरीही पोरं आहेत.

बाळच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने माझ्याकडे पाहिलं, लहानपणी काही फोडलं की पाहायचा तसं. दरवेळी मी पुढे होऊन त्याची बाजू सावरली होती.

"सांग की," मी म्हणाले. "सगळेच घालतात ना?"