सिनगॉनची डावी वाट

चिंदविन नदीवर ऊ फो ल्विनने एकतीस वर्षं वाटाड्याचं काम केलं होतं, आणि एवढ्या वर्षांत त्याच्या हातून एकही बोट वाळूला लागली नव्हती. हे तो स्वतः कधी सांगत नसे. दुसरं कुणी सांगू लागलं, तर मात्र शेवटपर्यंत ऐकून घेई. ही नदी पावसाळ्यात कुठली वाळू उचलून कुठे टाकेल याचा नेम नाही. म्हणून दर पन्नास-साठ मैलांवर नवा वाटाड्या बोटीवर चढतो, आपल्या ओळखीचं पाणी पार करून देतो आणि उतरून जातो.

फो ल्विनच्या हद्दीत सिनगॉन गाव येई. गावाच्या काठावर आठशे वर्षांचं विटांचं देऊळ होतं आणि आत नऊ हात उंच बसलेला बुद्ध. दार नदीकडे असल्यामुळे बोटीवरून थेट दर्शन व्हायचं. तिथे आलं की फो ल्विन क्षणभर सुकाणू सोडून हात जोडायचा. त्याचा बापही तेच करायचा.

या पावसाळ्यात नदीने काठ कुरतडत देवळाच्या पायरीपर्यंत आणला. गावाने एक वीटही हलवली नाही. बांधलेलं देऊळ माणसाने मोडायचं नाही, ही तिकडची रीत. सगळं गाव तीन दिवस पावसात काठावर बसून सुत्तं म्हणत राहिलं, आणि तिसऱ्या दुपारी काठासकट देऊळ पाण्यात उतरलं.

हे फो ल्विनला कळलं होतं. पुढचं कळलं ते थंडीतल्या त्याच्या पहिल्या खेपेच्या सकाळी, धक्क्यावरच्या चहाच्या टपरीत. त्याच हद्दीतला दुसरा एक वाटाड्या मोहिंगाच्या, म्हणजे माशाच्या रश्शातल्या शेवयांच्या, वाडग्यात तोंड घालून बसला होता.

"सिनगॉनला डावीकडून जा," तो म्हणाला. "भरपूर पाणी आहे. मधे नुसती वाळू."

"डावीकडे तर देऊळ पडलंय."

"त्याच्यावरूनच जायचं. आम्ही सगळे जातो. चपला काढतो आणि जातो."

"चपला काढून काय होतं?"

"मनाला बरं वाटतं. तू काय उडत जाणार आहेस?"

फो ल्विनने चहा तसाच ठेवला. वरच्या मजल्यावर कुणाचा वावर असेल तर खालच्या मजल्यावर बुद्धाची मूर्ती ठेवत नाहीत, एवढं त्या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि इथे तीन मजली बोट, बावीस प्रवासी, त्यांच्या न्हाण्या-संडासांसकट, बुद्धाच्या डोक्यावरून न्यायची.

बोट सिनगॉनपाशी आली तेव्हा धुकं एवढं दाट होतं की नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभा असलेला खलाशी को टाउ नुसता सावलीसारखा दिसत होता. को टाउच्या हातात फुटाफुटाला लाल-पांढरे पट्टे मारलेला लांब बांबू. तो पाण्यात खुपसायचा आणि खोली ओरडून सांगायची, हे त्याचं काम. बोटीला चार फूट पाणी लागे.

"काका, डावीकडे घ्या," कॅप्टन झार्नी म्हणाला. यांगोनचा चौतिशीतला माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, मनाने वाईट नव्हता.

"मधून घेतो."

"मधून? मी या महिन्यात दोनदा डावीकडून गेलोय. धक्कासुद्धा लागला नाही."

"तुम्ही गेलात. मी नाही जाणार."

झार्नीने आवाज खाली आणला. "काका, ऑफिसने बजावलंय मला. एक तास जरी उशीर झाला तरी तो वाटाड्या पुन्हा घ्यायचा नाही. उगाच हट्ट करू नका. या वयात दुसरं काम कोण देणार तुम्हाला?"

"कुणी नाही देणार," फो ल्विन म्हणाला आणि त्याने सुकाणू उजवीकडे फिरवलं.

 वाळू लागली तर काम जाणार, आणि कामाआधी कमावलेलं नाव जाणार. पण हात वळले ते वळलेच.

"पाच," नाळेवरून को टाउ ओरडला. "पाच. साडेचार."

इंजिन अगदी मंद झालं.

"चार. काका, कासवं तळाला पाय टेकून बघताहेत आपल्याकडे." मग त्याचा आवाज बदलला. "साडेतीन."

बोट हलकेच कुरकुरली, जराशी कलली आणि थांबली. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कप फुटला. झार्नीने इंजिन उलटं फिरवलं, पुन्हा सुलटं फिरवलं, गढूळ पाण्याशिवाय काही निघालं नाही.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "एकतीस वर्षं, काका. एकतीस वर्षं मातीत घातलीत."

 फो ल्विनला रडू येत होतं, आणि ते दिसू नये म्हणून तो डावीकडे तोंड करून उभा राहिला.

तेवढ्यात ऊन आलं. धुकं पाण्यावरून उठलं आणि नदी तळापर्यंत हिरवी, स्वच्छ दिसू लागली. शंभरेक हातांवर, काठालगतच्या खोल पाण्यात, काहीतरी फिकट होतं. आधी त्याला वाळूच वाटली. मग खांदा दिसला, मांडीवर ठेवलेला हात दिसला, आणि मग तोंड. काठ अख्खाच घसरला असावा, कारण बुद्ध आडवा झाला नव्हता. जरासा मागे रेलून, पण बसलेलाच होता. तोंडावरून पाणी वाहत होतं आणि माशांचा एक थवा कानाजवळून सावकाश चालला होता. आठशे वर्षं जसं बघत होता तसंच बघत होता.

 फो ल्विन तिथेच गुडघे टेकून बसला. इतक्या वर्षांत एवढं जवळून दर्शन त्याला कधी झालं नव्हतं, आणि त्या क्षणी काम, नाव, बोट, सगळं त्याच्या मनातून निघून गेलं. 

झार्नी कठड्याशी आला. त्याने पाहिलं.  मग त्याने वाकून बूट काढले, मोजे काढले आणि ते हातात धरून उभा राहिला.

"धुकं होतं," तो म्हणाला. "दोन्ही वेळा धुकंच होतं, काका. मी दोनदा गेलो वरून."

"माहीत नव्हतं तुम्हाला."

"माहीत होतं. दिसलं नव्हतं."

काठावर हालचाल सुरू झाली. आधी दोन होड्या सुटल्या, मग दहा-बारा, आणि मागून माणसं बैल हाकत जरा वरच्या अंगाच्या उथळ पाण्यात उतरली. पुढच्या होडीत साठीची एक बाई उभी होती, गालांवर तनाखाच्या सालीचा पिवळसर लेप, खांद्यावर मनगटाएवढा जाड दोर. गावात हिचा शब्द चालतो हे सांगावं लागत नव्हतं. तिचं नाव दॉ ऑन म्या.

"वाटाड्या कोण आहे?" तिने खालून विचारलं.

"मी, ताई. चुकलं माझं, बोट अडकली."

"दिसतंय ते, आंधळी नाही मी. या थंडीत चाळीस बोटी गेल्या इथून. बोटीचा आवाज आला की आम्ही नदीकडे पाठ करून बसायचो, बघवायचं नाही. आज आवाज वळला." तिने दोर वर फेकला. "बांध, बघतोस काय? आणि तुझ्या त्या पाहुण्यांना जरा खाली उतरव. सुखी माणसं जड असतात."

प्रवासी होड्यांतून वाळूच्या बेटावर उतरले. तीन दोर बांधले गेले. आठ बैलजोड्या आणि दोनेकशे माणसं, बाया, बाप्ये, विहारातले तरुण भिक्खूसुद्धा कंबरभर पाण्यात उभे राहिले. काही जण पायांनी बोटीखालची वाळू उकरत होते. दॉ ऑन म्या ओरडली की सगळे ओढायचे, आणि एवढ्या गोंधळात कुणीही त्या मूर्तीकडे पाठ केली नाही. बोट वीतभर सरकली, मग हातभर. नाळेवरचा को टाउ विडा चघळायचा विसरला होता. एक जिवंत गाव तीन मजली बोट वाळूवरून ओढत होतं आणि काठाशी पाण्यातून बुद्ध बघत होता. असं काही पाहायला मिळेल असं फो ल्विनला कधी वाटलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांना धार लागली आणि आता त्याने तोंड फिरवलं नाही.

बोट मोकळी झाली तेव्हा तीन तास गेले होते.

सुकाणूघरात वायरलेस कधीचा खरखरत होता. मागून येणाऱ्या बोटीचा कॅप्टन सिनगॉनची खबर विचारत होता. झार्नी अजून अनवाणीच होता. त्याने फो ल्विनकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

"सिनगॉनची डावी वाट बंद आहे," तो म्हणाला. "ऑफिसलाही तसंच कळवतोय."

"बंद? पाणी उतरलं का?"

"पाणी भरपूर आहे. वाट बंद आहे."

 पलीकडचा माणूसही त्याच मुलखातला होता. मग त्याने हळूच विचारलं, "बरं. मधून किती मिळेल?"

झार्नीने वायरलेस फो ल्विनच्या हातात दिला. "सांगा, काका. वाटाडे तुम्ही आहात."

फो ल्विनने घसा साफ केला. "साडेतीन फूट," तो म्हणाला, "आणि दोनशे माणसं."