तुमची आठवण येते

धाकटीचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या काउंटरवर पेशंटना नंबर देत होते. माझी ही बहीण कामाच्या वेळी फोन करत नाही. तीही दिवसभर शिवणयंत्रावर लोकांच्या पँटी आखूड करत असते. म्हणून घाबरूनच उचलला. तर बाईसाहेब हसत होत्या, आणि हसता हसता रडतही होत्या.

लेकीचा मेसेज आला होता म्हणे. गेममध्ये.

हा गेम तिच्या लेकीनंच आम्हा दोघींना शिकवला. बेटावर शेत करायचं, घर सजवायचं, एकमेकींकडे जायचं. खेळातली नावंही तिनंच ठेवली, एकीचं 'आई', दुसरीचं 'मावशी'. मग मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं. पोरगी घर सोडून गेली, फोन उचलेना. धाकटी तरीही गेममध्ये जाऊन तिच्या बंद दाराशी उभी राहायची. शेवटी धाकटीनं सभासदत्व संपू दिलं, तशी विकत घेऊन डाउनलोड केलेली बेटंही कुलुपात गेली. मी तर आधीच सोडलं होतं. माझं पीक कायम वाळायचं.

मेसेज तिनं मला वाचून दाखवला. "आई, तुमची आठवण येते. परत या. नवं बेट तुमची वाट पाहतंय."

"तुमची?" मी विचारलं. पोरगी आईला अगं-तुगं करणारी. रागावली की तर विचारूच नका.

"लांब राहून वळण लागलं असेल," धाकटी म्हणाली.

तिनं वर्षभराचं सभासदत्व घेऊनही टाकलं होतं. महिन्याचं घेतलं तर नुसतं बेट, वर्षाचं घेतलं तर वर होडी फुकट, आणि होडीत दोघींना बसता येतं. एरवी दुकानात 'एकावर एक मोफत' दिसलं की ही आधी तारीख बघते. पण तिचा असा आवाज मी किती दिवसांनी ऐकत होते. मी होडीचा रंग विचारला.

घरी गेल्यावर मी जुना टॅब चार्जिंगला लावला. गेम उघडला.

"मावशी, तुमची आठवण येते. परत या. नवं बेट तुमची वाट पाहतंय."

कंपनी असल्या गाळलेल्या जागा भरून सगळ्यांनाच बोलावत होती. आणि धाकटी तिथे लेकीची वाट बघत एकटी बसली असेल. पहिला आठवडा मोफत होता. मी बटण दाबलं.

माझी बाहुली धक्क्यावर उतरली, तशी तिची बाहुली धावत सुटली. मध्ये कुंपण आलं, तर तिथल्या तिथेच धावत राहिली. मग वाट सापडून जवळ आली, आणि माझ्या डोक्यावरचं नाव वाचून थांबली.

फोन वाजला.

"तू होय. पाहुणी आली, एवढंच दिसलं गं."

"म्हटलं, तुला सोबत."

"पण तू तर सोडलं होतंस. तुला कुणी बोलावलं?"

खोटं बोलायला मला एक श्वास लागला. तेवढा तिला पुरला.

"तुलाही 'तुमची'च लिहिलंय?"

"हो."

ती रडली नाही. तिनं फोनही ठेवला नाही. म्हणाली, "आलीच आहेस तर बस जरा."

अंगणात तिनं दोन खुर्च्या मांडल्या होत्या. आमच्या बाहुल्या त्यांच्यासमोर उभ्या. पण बसायचं बटण कुठलं, ते आम्हा दोघींनाही आठवेना. ते नेहमी लेकच दाबून द्यायची.