खोलीचं तापमान

शलाकाच्या चिमट्यात पांढरा तुकडा, नखाएवढा; डोक्यात मात्र भलतंसलतं. पोह्यांवर शेव घालताना आईचं "बेतानं घे". मिलचा भोंगा वाजायचा त्या वेळेला अजूनही जाग येणं. शिशाच्या जाड भिंतींचं गॅमा चेंबर, त्याच्या दारावर कुणीतरी चिकटवलेला गणपती. "मरी हुई चीज़ को कितना हिलाओगी, शलाका?"

हे शेवटचं अभिराम सरांचं, आज सकाळचं. पीएच.डी.चे गाइड ते. पाचपर्यंत हा तुकडा, ही फिल्म, जिवंत असल्याचं दाखव, नाहीतर विषय बदलू... दोन वर्षं! गॅमा किरणांनी साध्या प्लास्टिकच्या फिल्मला बारीक जखमा करायच्या, त्या जखमांवर दुसऱ्या रेणूंचं कलम बांधायचं, मग ती गार पाण्यात फुलेल, गरम पाण्यात मिटेल, आंबटात मिटेल — कागदावर. इथे मात्र डाव्या भांड्यात नळाचं पाणी, उजव्यात तापवलेलं, आणि दोन्हींत ती तशीच, आक्रसलेली, दुधी, ढिम्म — मिल बंद झाल्यावर ओट्यावर बसलेल्या बाबांसारखी... छे, असं म्हणू नये.

आणि बाबाच दारात. मिलच्या विणकाम खात्यात सव्वीस वर्षं जॉबर होते, माग चालते ठेवणारे. आता दुपारी सायकलवर तिचा डबा आणतात, तोही शिफ्ट असल्यासारखा, वेळेवर.

"लाइट गेलीय? भट्टीत बसलीयस की काय गं!"

"बाबा, आज नको, पाचपर्यंत मला —"

"पाच वाजतीलच. त्यांना कोण अडवणार? आधी पाणी पी."

त्यांनी व्हरांड्यातल्या माठातून ग्लास भरून आणला आणि तिच्या मनगटाला टेकवला. ती दचकली. गार! मग डावीकडचं पाणी... तिनं बोट बुडवलं. कोमट. थर्मामीटर घातला, पारा अडतिसावर जाऊन थांबला. फिल्म तर बत्तिसालाच मिटते — हे मला झोपेतही पाठ होतं, आणि तरी मी परदेशी पेपरमधून 'खोलीच्या तापमानाचं पाणी' एवढंच उचललं, ज्यांच्या खिडकीबाहेर बर्फ पडत असेल त्यांची खोली! इंदूरचा मे महिना मी मोजलाच नाही. दोन्ही भांड्यांत गरमच पाणी होतं. मेली कुठे होती ती? तिला उघडायला जागाच दिली नव्हती मी.

तिनं तुकडा ग्लासात सोडला.

आधी काहीच नाही. मग कडेनं दुधीपणा विरघळत गेला, तुकडा सैलावला, रुंदावला, काचेसारखा आरपार झाला —

"अरे! गायब झाली की!" बाबांनी ग्लास उचलला.

"बाबा, पिऊ नका ते!"

"पीत नाही गं बाई, बघतोय."

डब्यातली लिंबाची फोड तिनं ग्लासात पिळली. फिल्म धुरकटली, अंग चोरून बसली. मग फळीवरचा सोडा, चिमूटभर. फेस आला, ओसरला आणि ती पुन्हा पसरली, ऐसपैस, मालकिणीसारखी. शलाका मोठ्यानं हसली. या खोलीत ती कधी हसली होती हे तिला आठवेना.

"हिला सगळं कळतं की गं," बाबा म्हणाले. ग्लास अजून त्यांच्याच हातात होता, उजेडाकडे धरलेला, आणि ते वाकून नाही, ताठ उभं राहून बघत होते. "परत मिटव. परत उघड."

जिन्यावर सरांच्या चपला वाजल्या. रोज त्या आवाजासरशी ती उभी राहायची, पदर सारखा करायची, वाक्यं जुळवायची... आज तिनं बाबांकडून ग्लास घेतला नाही. त्यांनीच दाखवावं. सर मानतील, न मानतील — छातीत काहीतरी रुंद होत चाललं होतं, आणि ते कुठवर जाईल हे तिला ठाऊक नव्हतं.

कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून विणकाम खात्यात छतातून पाण्याचे फवारे सोडत, बाबा सांगायचे. मिलच्या गेटला कुलूप लागलं त्या सकाळीही ते चालू होते; मेलं असं तिथेही काही नव्हतं.